जाकार्तातून समजणारा इस्लाम : ‘स्टुडिया इस्लामिका’ या शोधनियतकालिकाचे परीक्षण

जगातील सर्वाधिक मुसलमान लोकसंख्येच्या देशांत इंडोनेशियाची गणना अग्रभागी होते. तेथे तेवीस कोटींहून अधिक मुसलमान राहतात आणि देशाच्या लोकसंख्येतील त्यांचे प्रमाण सुमारे ८७ टक्के आहे. त्यात मलेशिया, ब्रुनेई, थायलंडचा दक्षिण टोकाचा पट्टा, फिलिपिन्समधील मिंदानाव, सिंगापूर आणि कंबोडियातील चाम समाज मिळवला, तर आग्नेय आशिया हे मुस्लिम जगाचे एक मोठे केंद्र आहे, हे सहज ध्यानात येते. तरीही मराठीत इस्लामविषयी जे गंभीर लेखन वाचायला मिळते, त्यात अरबस्तान, इराण, तुर्कस्तान आणि पाकिस्तान यांचीच चर्चा प्रामुख्याने असते. जावा, सुमात्रा किंवा दक्षिण थायलंडमधील पट्टाणी यांचा उल्लेख आलाच तर तो ‘तिकडचा सौम्य इस्लाम’ अशा एका वाक्यात आटोपतो. हे वाक्य कितपत खरे आहे, ते कोणी आणि कशासाठी रूढ केले, आणि त्याच्या आड कोणते वाद झाकले जातात, हे ज्याला समजून घ्यायचे असेल त्याच्यासाठी ‘स्टुडिया इस्लामिका’ हे शोधनियतकालिक उपलब्ध आहे. ते विनामूल्य आहे, त्याचे जुने अंक संकेतस्थळावर वाचता येतात, आणि ते ज्या समाजाचा अभ्यास करते त्याच समाजात, जाकार्ताच्या सीमेवरील चिपुतात या भागात, तयार होते. या तीन गोष्टींमुळे त्याचे परीक्षण मला आवश्यक वाटले.

हे नियतकालिक १९९४ साली सुरू झाले. शरीफ हिदायतुल्ला इस्लामी विद्यापीठातील ‘इस्लाम आणि समाज अध्ययन केंद्र’ ते प्रसिद्ध करते. हे केंद्र इंडोनेशियन आद्याक्षरांवरून ‘पेपेइएम’ म्हणून ओळखले जाते. १९९४ हे वर्ष लक्षात घेण्याजोगे आहे. राष्ट्राध्यक्ष सुहार्तो यांच्या राजवटीचा तो उत्तरकाळ होता. ज्या राजवटीने सुरुवातीच्या दोन दशकांत इस्लामी राजकारणाला कठोरपणे आवरले, तीच राजवट आता धार्मिक मध्यमवर्गाशी जुळवून घेऊ लागली होती. १९८९ मध्ये धार्मिक न्यायालयांचा कायदा झाला, १९९० मध्ये तेव्हाचे मंत्री आणि नंतरचे राष्ट्राध्यक्ष हबीबी यांच्या नेतृत्वाखाली मुस्लिम बुद्धिवंतांची संघटना स्थापन झाली आणि १९९२ मध्ये देशातील पहिल्या इस्लामी बँकेचे व्यवहार सुरू झाले. शहरांत शिकलेली, नोकरदार, नमाजी पिढी पुढे येत होती आणि तिला स्वतःच्या समाजाविषयी सरकारी भाषेपलीकडचे काही वाचायचे होते. इस्लामी उच्च शिक्षणसंस्थांतही दोन पिढ्यांची तयारी झालेली होती. हारून नसुतियोन यांच्यासारखे अध्यापक कॅनडातील मॅकगिल विद्यापीठातून शिकून परतले होते, आणि १९७३ पासून जाकार्ताच्या संस्थेचे प्रमुख या नात्याने त्यांनी धर्मशास्त्राच्या पाठांतराऐवजी इतिहास, तत्त्वज्ञान आणि मतमतांतरांच्या तुलनेवर भर दिला होता. नूरखोलिश मजीद यांनी १९७० च्या दशकारंभी इस्लाम हवा, पण इस्लामी पक्ष नको, अशा अर्थाची घोषणा देऊन खळबळ उडवली होती. पुढे त्यांनी शिकागो येथे फझलुर रहमान यांच्या मार्गदर्शनाखाली डॉक्टरेट मिळवली. ‘स्टुडिया इस्लामिका’ या परंपरेतून उभे राहिले.

त्याला आकार देणारे संस्थापक संपादक आझ्युमार्दी आझरा हे पश्चिम सुमात्राचे. त्यांनी १९९२ मध्ये कोलंबिया विद्यापीठात सादर केलेला प्रबंध सतराव्या आणि अठराव्या शतकांत मक्का-मदिना आणि मलाय जगत यांच्यात ये-जा करणाऱ्या उलमांच्या, म्हणजे धर्मपंडितांच्या, संबंधजालावर होता. १९९८ ते २००६ या काळात ते शरीफ हिदायतुल्ला संस्थेचे कुलगुरू होते, आणि त्यांच्याच कारकिर्दीत, २००२ मध्ये, तिला पूर्ण विद्यापीठाचा दर्जा मिळाला. त्यामुळे धर्मशास्त्राच्या शेजारी वैद्यकशास्त्र आणि अर्थशास्त्रही शिकवले जाऊ लागले. सप्टेंबर २०२२ मध्ये मलेशियात त्यांचे निधन झाले. नियतकालिकाच्या दृष्टीवर त्यांचा ठसा इतका स्पष्ट आहे की, त्यांच्या प्रबंधातील मूळ विचार ध्यानात घेतल्याशिवाय या अंकांचे महत्त्व पूर्णपणे उलगडत नाही.

तो विचार समजण्यासाठी आधीच्या ज्ञानव्यवहाराकडे वळावे लागते. इंडोनेशियन इस्लामचा आधुनिक अभ्यास वसाहतकाळात सुरू झाला. डच विद्वान स्नूक हुर्खरोन्ये १८८५ मध्ये मक्केत राहिले, तेथील जावी विद्यार्थ्यांच्या समाजाचे त्यांनी बारकाईने वर्णन केले, आणि १८८९ पासून ते वसाहती सरकारचे सल्लागार झाले. उत्तर सुमात्रातील आचेच्या युद्धात त्यांच्या ज्ञानाचा थेट उपयोग झाला. धार्मिक आचार मोकळे ठेवावेत, पण राजकीय इस्लाम कठोरपणे दडपावा, हे त्यांचे सूत्र नंतरच्या राजवटींनीही आपापल्या सोयीनुसार वापरले. स्वातंत्र्यानंतर अमेरिकन मानवशास्त्रज्ञ क्लिफर्ड गीर्ट्झ पूर्व जावातील पारे या गावी आले. त्यांनी जावी समाजाची जी त्रिविध विभागणी मांडली, म्हणजे कर्मठ संत्री, लोकाचारात रमलेले अबांगान आणि दरबारी संस्कृतीचे प्रियायी, ती १९६० नंतर जगभरच्या पाठ्यक्रमांत पक्की झाली. या मांडणीचे वर्णनसौंदर्य नाकारता येत नाही. पण तिच्यामुळे जावातील बहुसंख्य लोकांचा इस्लाम हा जणू वरवरचा लेप आहे आणि खरा इस्लाम अरबस्तानातच असतो, असा समज दृढ झाला. मार्शल हॉजसन यांनी या समजावर तीव्र टीका केली, आणि पुढे मार्क वुडवर्ड यांनी जावी धर्माचारांमागे सूफी विचारांची खोल बैठक आहे, हे दाखवले.

या वादात आझरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घातलेली भर मला सर्वांत मोलाची वाटते. त्यांनी नुसता प्रतिवाद केला नाही, तर मूळ साधने वाचली. मलाय भाषेत अरबी लिपीतून (या लिपीलाही ‘जावी’च म्हणतात) लिहिलेली हस्तलिखिते, जावा बेटाच्या भाषेतील पेगोन या अरबी वळणाच्या लिपीतील ग्रंथ, गुरुपरंपरांच्या नोंदी आणि पेसान्त्रेनमध्ये, म्हणजे निवासी धार्मिक पाठशाळांमध्ये, शिकवली जाणारी पिवळ्या कागदावरील अरबी पुस्तके यांवर आधारलेले लेख हा या नियतकालिकाचा कणा आहे. ते वाचताना सतराव्या शतकातील आचे डोळ्यांसमोर उभे राहते. गुजरातेतील रांदेरहून आलेले नूरुद्दीन अर-रानिरी १६३७ मध्ये आचेच्या दरबारी पोहोचले आणि सुमात्रातील कवी हमझा फन्सुरी यांच्या अद्वैताच्या वळणाच्या सूफी विचाराविरुद्ध त्यांनी मोहीम उघडली. ग्रंथ जाळण्यापर्यंत ती गेली. त्यानंतर मक्का-मदिनेत सुमारे एकोणीस वर्षे शिकून परतलेल्या अब्दुर्रऊफ अस-सिंकिली यांनी अधिक समजूतदार मार्ग धरला आणि मलाय भाषेत कुराणाचे पहिले संपूर्ण भाष्य लिहिले. त्या काळी आचेच्या गादीवर स्त्रिया होत्या. १६४१ ते १६९९ या काळात एकामागून एक चार राण्यांनी तेथे राज्य केले, आणि सिंकिली यांनी आपला धर्मशास्त्रीय ग्रंथ राणी सफियतुद्दीन यांच्या सांगण्यावरून रचला. ‘इस्लाम अरबस्तानातून आला आणि येथे पातळ झाला’ हे सरधोपट कथन या माहितीपुढे टिकत नाही. येमेन, मलबार, कोकण आणि सुमात्रा या किनाऱ्यांवर इस्लामी विधिशास्त्राचा शाफई पंथ का रुजला, विद्या कोणत्या जहाजांबरोबर कोठे गेली आणि कोणत्या प्रश्नांची उत्तरे मागायला लोक मदिनेस पत्रे पाठवीत, असे प्रश्न त्यामुळे पुढे येतात. ज्याला हिंदी महासागराच्या इतिहासात रस आहे, त्याने केवळ या लेखांसाठी तरी हे नियतकालिक उघडावे.

या संदर्भात त्याच केंद्राच्या आणखी एका सेवेचा उल्लेख केला पाहिजे. जर्मनीतील हॅम्बुर्ग विद्यापीठाच्या हस्तलिखित-संस्कृती केंद्राबरोबर पेपेइएमने ‘ड्रीमसी’ नावाचा प्रकल्प चालवला आहे. दमट हवा, वाळवी, पूर आणि मालकांची गरिबी यांमुळे नष्ट होत चाललेली आग्नेय आशियातील हस्तलिखिते छायांकित करून ती विनामूल्य पाहायला उपलब्ध करणे, हे त्याचे काम. यात केवळ इस्लामी ग्रंथ नाहीत. लाओससारख्या बौद्धबहुल प्रदेशातील संग्रहही आहेत. नियतकालिकातील लेख वाचल्यावर ज्या प्रकारच्या साधनांवर तो उभा आहे त्यांची पाने प्रत्यक्ष पाहता येणे, ही सोय फार थोड्या विषयांत मिळते.

आता समकालीन समाजाकडे वळू, कारण बहुतेक वाचक त्यासाठीच येतील. येथे नियतकालिकाचा मुख्य गुण म्हणजे संघटनांना ते एकसंध मानत नाही. १९१२ मध्ये योग्यकार्ता येथे अहमद दहलान यांनी स्थापन केलेली मुहम्मदिया आणि १९२६ मध्ये सुराबाया येथे स्थापन झालेली नहदतुल उलमा या दोन संघटना इंडोनेशियन समाजात इतक्या खोल रुजलेल्या आहेत की शाळा, रुग्णालये, अनाथालये, विद्यापीठे, निवडणुका आणि ईदची तारीख यांपैकी कशाचाही विचार त्यांच्याशिवाय होत नाही. बाहेरचे लेखन मुहम्मदियाला ‘आधुनिकतावादी’ आणि नहदतुल उलमाला ‘परंपरावादी’ अशी लेबले लावून मोकळे होते. प्रत्यक्षात एकाच संघटनेतील जिल्हा शाखा, तरुणांची फळी, स्त्रियांची संघटना आणि केंद्रीय मंडळ यांच्या भूमिका वेगवेगळ्या, अनेकदा परस्परविरोधी असतात, आणि हा फरक समजल्याशिवाय इंडोनेशियातील कोणतीही घटना समजत नाही. २०१५ मध्ये नहदतुल उलमाने जोंबांग येथील अधिवेशनात ‘इस्लाम नुसांतारा’, म्हणजे द्वीपसमूहाचा इस्लाम, ही संकल्पना पुढे केली. त्याच वर्षी मकास्सर येथे मुहम्मदियाने ‘प्रगतिशील इस्लाम’ या आपल्या घोषणेचा पुरस्कार केला. या दोन घोषणांमागची स्पर्धा, त्यांचे धर्मशास्त्रीय आधार आणि संघटनेच्या आतूनच त्यांना झालेला विरोध, हे समजून घ्यायला वर्तमानपत्रे पुरत नाहीत. येथे मात्र त्यासाठी लागणारी पूर्वपीठिका मिळते.

उदाहरण म्हणून २०१६ ची घटना घेता येईल. जाकार्ताचे ख्रिस्ती आणि चिनी वंशाचे राज्यपाल बासुकी पुर्नामा, ज्यांना सगळे आहोक म्हणत, यांच्या कुराणाविषयीच्या एका विधानावरून २ डिसेंबर २०१६ रोजी राजधानीत लाखोंचा जमाव जमला. पुढे ते निवडणूक हरले आणि ईशनिंदेच्या आरोपाखाली तुरुंगात गेले. त्यांच्याविरुद्धच्या धार्मिक अभिप्रायावर देशातील धर्मपंडितांच्या उलमा परिषदेचे प्रमुख म्हणून मारुफ अमीन यांची स्वाक्षरी होती. ते नहदतुल उलमाचेही ज्येष्ठ नेते होते. २०१९ मध्ये हेच मारुफ अमीन राष्ट्रपती जोको विदोदो यांच्याबरोबर उपराष्ट्रपती म्हणून निवडून आले, आणि त्या सरकारच्या काळात तो जमाव गोळा करणाऱ्या संघटनांपैकी ‘इस्लाम रक्षक आघाडी’वर २०२० च्या अखेरीस बंदी आली. ‘सौम्य’ आणि ‘कट्टर’ या दोन पेट्यांत ही घटनामालिका बसवता येत नाही. ती समजायची तर १९७५ मध्ये सुहार्तो यांनी स्थापन करवलेली उलमा परिषद १९९८ मध्ये त्यांची सत्ता गेल्यानंतर सरकारी छायेतून बाहेर कशी पडली, २००५ मध्ये तिने बहुधर्मवाद, उदारमतवाद आणि धर्मनिरपेक्षता यांच्याविरुद्ध फतवा का काढला आणि हलाल प्रमाणपत्रांतून तिचे सामर्थ्य कसे वाढले, हे सारे एकत्र पाहावे लागते. फतव्यांची भाषा, त्यांचे आधारग्रंथ आणि त्यांचा सरकारी कायद्याशी असलेला संबंध यांची बारकाईने चिकित्सा करण्याची जी सवय या नियतकालिकाने जोपासली आहे, ती येथे कामी येते.

स्त्रियांच्या प्रश्नावरही हीच सवय उपयोगी पडते. एप्रिल २०१७ मध्ये चिरेबोनच्या एका पेसान्त्रेनमध्ये इंडोनेशियन स्त्री-उलमांची पहिली परिषद भरली. तिने लैंगिक हिंसा, बालविवाह आणि पर्यावरणाचा विध्वंस या तीन विषयांवर धार्मिक अभिमत दिले. दोन वर्षांनी, २०१९ मध्ये, विवाह कायद्यात दुरुस्ती होऊन मुलींचे विवाहाचे किमान वय सोळावरून एकोणीस झाले. न्यायालयाचा निर्णय आणि स्त्री-संघटनांचा दीर्घ लढा ही त्याची प्रत्यक्ष कारणे होतीच. पण धर्माच्या भाषेतूनच या मागणीला बळ देणाऱ्या स्त्रिया पेसान्त्रेनमधून तयार झाल्या, त्या कोणते ग्रंथ शिकल्या आणि त्यांनी वचनांचा अर्थ लावण्याची कोणती पद्धत स्वीकारली, हे जाणून घेतल्याशिवाय चित्र अपुरे राहते. धर्मग्रंथ आणि समाज यांना एकाच नजरेत ठेवणारे अभ्यासक या विषयाला लागतात, आणि अशा अभ्यासकांची घडण करणारी विद्यापीठे इंडोनेशियात आहेत, ही मला या देशाच्या बौद्धिक जीवनातील अत्यंत आश्वासक गोष्ट वाटते.

आता उणिवांकडे येतो, आणि पहिली उणीव गंभीर आहे. हे नियतकालिक एका सरकारी विद्यापीठातून निघते आणि ते विद्यापीठ धर्म मंत्रालयाच्या अखत्यारीत आहे. त्याच केंद्राने २०१७ पासून संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाबरोबर तरुणांमधील धार्मिक असहिष्णुता आणि उग्रवाद यांवर मोठे काम केले आहे. इंडोनेशियन सरकारने ‘धार्मिक संयम’ हे २०२०–२४ च्या विकास आराखड्यातील अधिकृत धोरण केले. या वातावरणात तेथील संशोधनाला एक ठरावीक दिशा मिळते : मुख्य प्रवाहातील दोन संघटना म्हणजे संयम, आणि त्यांच्या बाहेरचे सलफी (आरंभीच्या पिढ्यांचा इस्लामच प्रमाण मानणारे), खिलाफतवादी किंवा नव्याने धार्मिक झालेले शहरी तरुण म्हणजे समस्या. अनेक लेखांत हा निष्कर्ष पुराव्यांच्या आधी येतो, असे मला जाणवते. सलफी मदरशात मुलांना पाठवणारे पालक नेमके काय शोधतात, खिलाफतवादी संघटनेवर २०१७ मध्ये घातलेल्या बंदीने तिच्या माजी सदस्यांच्या आयुष्यात काय बदलले, किंवा ‘संयमा’च्या धोरणाखाली खुद्द अहमदिया आणि शिया यांसारख्या अल्पसंख्यांच्या वाट्याला काय आले, हे प्रश्न त्यामुळे मागे पडतात. २०११ मध्ये चिकेउसिक येथे जमावाने तीन अहमदियांची हत्या केली, आणि मदुरा बेटावरील साम्पांगच्या शियांना आपली गावे सोडावी लागली. या घटनांत मुख्य प्रवाहाच्या स्थानिक धर्मगुरूंची भूमिका काय होती, याची निर्भीड चौकशी येथे अधिक व्हायला हवी. जे अभ्यासक स्वतः त्या समाजाचे आहेत, त्यांना हे काम बाहेरच्यांपेक्षा चांगले करता येईल, म्हणूनच त्यांच्याकडून अपेक्षा अधिक.

दुसरी उणीव भूगोलाची आहे. नियतकालिक स्वतःला इंडोनेशियन इस्लामचे आणि व्यापक अर्थाने आग्नेय आशियाई इस्लामचे म्हणवते, पण वजन इंडोनेशियाकडे आणि त्यातही जावाकडे झुकलेले आहे. मलेशियाची घडण मुळातच निराळी आहे. इंडोनेशियाच्या घटनाकारांनी १८ ऑगस्ट १९४५ रोजी मुसलमानांवर शरीयतपालनाचे बंधन घालणारे शब्द उद्देशिकेतून काढले आणि ‘पंचसिला’ ही पाच तत्त्वे राज्याचा पाया ठरवली. मलेशियाच्या राज्यघटनेने मात्र इस्लामला संघराज्याचा धर्म म्हटले आणि ‘मलाय’ या व्यक्तीच्या घटनात्मक व्याख्येतच इस्लामचे पालन समाविष्ट केले. तेथे धर्माचा कारभार राज्याराज्यांतील सुलतान, मुफ्ती आणि शरीयत न्यायालये यांच्याकडे आहे. त्यामुळे धर्मांतर, फतव्यांची सक्ती आणि वांशिक ओळख यांचे प्रश्न तेथे इंडोनेशियाहून पूर्णतः वेगळ्या रीतीने उभे राहतात. थायलंडमधील पट्टाणी, याला आणि नराथिवात प्रांतांत २००४ पासून पुन्हा पेटलेला संघर्ष असो, किंवा २०१९ मध्ये लोकमताने अस्तित्वात आलेला फिलिपिन्समधील बांगसामोरो स्वायत्त प्रदेश असो, यांच्याविषयी ज्याला सातत्याने वाचायचे आहे त्याला दुसरीकडे जावे लागेल. सिंगापूरच्या युसोफ इशाक संस्थेचे विनामूल्य मिळणारे छोटे अभ्यासलेख त्यासाठी सोयीचे आहेत. ते राजकारणावर अधिक आणि धर्मग्रंथांवर कमी बोलतात, पण मलेशियाच्या निवडणुका आणि इस्लामी पक्ष यांबाबत ते अधिक ताजे असतात.

संस्कृतीच्या बाबतीतही मला थोडी असमाधानकारक शांतता जाणवते. गेल्या दोन दशकांत इंडोनेशियन इस्लामचा चेहरा दूरचित्रवाणीवरील प्रवचनकार, हिजाबच्या नव्या फॅशनचे उद्योग, धार्मिक कादंबऱ्या आणि चित्रपट, भ्रमणध्वनीवरील लघुप्रवचने आणि ‘हिजरत’ करून, म्हणजे जुने जीवन सोडून, धार्मिक झालेले संगीतकार व अभिनेते यांनी मोठ्या प्रमाणात घडवला आहे. आ जिम या नावाने घराघरांत पोहोचलेल्या प्रवचनकाराने २००६ मध्ये दुसरे लग्न केल्यावर त्यांच्या स्त्री-श्रोत्यांनी त्यांच्याकडे पाठ फिरवली आणि त्यांचा व्यवसाय कोसळला. एका प्रवचनकाराची पत बाजारातील पसंतीवर अवलंबून असणे, ही समकालीन धर्मजीवनाविषयी पुष्कळ काही सांगणारी घटना आहे. अशा विषयांवरचे उत्तम लेखन झालेले आहे, पण त्यातील बराच भाग बाहेरच्या विद्यापीठांतील मानवशास्त्रज्ञांचा आहे. ‘स्टुडिया इस्लामिका’ ग्रंथ, संस्था आणि विचार यांच्या बाबतीत जेवढे समृद्ध आहे, तेवढे स्वयंपाकघर, बाजारपेठ आणि कारखान्यातील नमाजखोली यांच्या बाबतीत नाही.

भाषेचा प्रश्न वेगळ्या प्रकारचा आहे. लेख इंग्रजी आणि अरबी या दोन भाषांत येतात. सारांश मात्र इंग्रजी, अरबी आणि इंडोनेशियन अशा तिन्ही भाषांत असतात. हे धोरण मला तत्त्वतः फार आवडते, कारण त्यामुळे कैरो किंवा रबातमधील वाचक पाश्चात्त्य विद्यापीठांच्या मध्यस्थीशिवाय आग्नेय आशियापर्यंत पोहोचू शकतो. अरबी न जाणणाऱ्याला मात्र प्रत्येक अंकातील काही लेखांच्या केवळ सारांशावर समाधान मानावे लागते. इंग्रजी लेखांची भाषा काही ठिकाणी ताठर असते, आणि अलीकडच्या अंकांत सिद्धांताची चौकट, पूर्वाभ्यासाचा आढावा, पद्धती आणि निष्कर्ष या ठरावीक साच्यात लेख बसवण्याची घाई दिसते. इंडोनेशियात प्राध्यापकपदासाठी आंतरराष्ट्रीय सूचींतील प्रकाशनांची अट कडक होत गेली, आणि हे नियतकालिक स्कोपस या सूचीत समाविष्ट असल्यामुळे त्याच्याकडे येणाऱ्या लेखांचा ओघ वाढणे साहजिक होते. त्या दबावाखालीही गुणवत्ता टिकवली आहे, हे श्रेय संपादकांना द्यावेच लागेल. परंतु १९९० च्या दशकातील अंकांत लेखक जसा मोकळेपणाने, विषयांतराची जोखीम घेऊन विचार करताना दिसतो, तसा तो आता क्वचित दिसतो.

वापराच्या दृष्टीने ही सेवा सोपी आहे. एप्रिल, ऑगस्ट आणि डिसेंबर असे वर्षाला तीन अंक निघतात, प्रत्येक लेख पीडीएफ स्वरूपात उतरवून घेता येतो, त्यासाठी विद्यापीठाचे सदस्यत्व किंवा वर्गणी लागत नाही. व्यावसायिक प्रकाशकांच्या नियतकालिकांत एका लेखासाठी तीस-चाळीस डॉलर मोजावे लागतात. विद्यापीठीय ग्रंथालयाच्या बाहेरच्या मराठी वाचकाला तो मार्ग बहुधा बंदच असतो. त्यामुळे या खुल्या धोरणाचे मोल केवळ पैशांत मोजता येत नाही. लेखांखेरीज अंकाच्या शेवटी ग्रंथपरीक्षण आणि परिषदांचे वृत्तान्त देणारा ‘दस्तऐवज’ असे दोन विभाग असतात. नवख्या वाचकाने पहिल्या लेखापासून आरंभ करण्याऐवजी ग्रंथपरीक्षणांपासून करावा, असे मी सुचवीन. तेथे एखाद्या वादाच्या दोन्ही बाजू थोडक्यात मांडलेल्या असतात आणि नावांची, संघटनांची, प्रदेशांची ओळख होते. त्यानंतर हस्तलिखितांवरील किंवा आचेविषयीचे लेख वाचावेत, मग नहदतुल उलमा आणि मुहम्मदिया यांच्याकडे वळावे, आणि शेवटी फतवे, हलाल उद्योग व निवडणुका यांच्याकडे यावे. उलट क्रमाने गेल्यास आजचे वाद कालच्या वर्तमानपत्रातल्या बातम्यांसारखे वाटतात आणि त्यांची मुळे हाती लागत नाहीत. योग्यकार्ताच्या सुनान कलिजगा विद्यापीठातून १९६२ पासून निघणारे ‘अल-जामिआ’ हे नियतकालिकही खुले आहे. ज्यांना कायदा आणि कुराणाच्या अर्थनिर्णयाच्या पद्धती यांत अधिक रस आहे, त्यांनी ते सोबत ठेवावे. दोन्हींतून निवड करायचीच झाली तर इतिहास आणि समाज यांसाठी मी जाकार्ताच्या बाजूने कौल देईन.

संपादकांकडे दोन मागण्या कराव्याशा वाटतात. पट्टाणी, मिंदानाव आणि चाम समाज यांच्यावर तेथीलच अभ्यासकांकडून लिहवून घेतलेले स्वतंत्र अंक काढावेत; जावाच्या बाहेरचे लेखक आज विखुरलेले दिसतात आणि त्यांची एकत्रित मांडणी झाल्यास ‘आग्नेय आशिया’ हा शब्द अंकाच्या उद्दिष्टांत सार्थ ठरेल. आणि अरबी लेखांचे सारांश आहेत त्याहून विस्तृत, चार-पाच पानांचे करावेत, म्हणजे त्यांतील पुरावा आणि युक्तिवाद अरबी न जाणणाऱ्यालाही तपासता येईल.

हे नियतकालिक समाजशास्त्राच्या आणि इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी, इस्लामवर लिहिणाऱ्या पत्रकारांनी, तसेच ज्यांना धर्म आणि लोकशाही यांच्या संबंधाविषयी मनापासून कुतूहल आहे अशा सर्वसाधारण वाचकांनीही हाताळावे. ज्यांना सुबोध, गोष्टीरूप लेखन हवे आहे त्यांनी मात्र आधी एखादा सर्वसाधारण इतिहास वाचून घ्यावा, कारण येथे पेसान्त्रेन, तारेकत (सूफी संप्रदाय), कियाई (पेसान्त्रेनचे धर्मगुरू) असे शब्द फारसे स्पष्टीकरण न देता वापरले जातात आणि १९४५ (स्वातंत्र्याची घोषणा), १९६५ (फसलेला उठाव आणि कम्युनिस्टांचे हत्याकांड) व १९९८ (सुहार्तो यांची सत्ताच्युती) या वर्षांचे संदर्भ वाचकाला ठाऊक आहेत असे गृहीत धरले जाते.